बोरीखालची जागा

आत्याबाई, माझी जागा ठरली. वरच्या बांधाजवळ, त्या बोरीखाली, जिथे आपण सासूसुना दुपारची भाकरी सोडायचो, तिथेच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी खुरपून दमले आणि बांधावरच्या एका चौथऱ्यावर टेकले, आठवतं? आजेसासऱ्यांचा होता तो. मला कुठे ठाऊक? तुम्ही लांबून ओरडत आलात, "ऊठ आधी! ती आपली जागा न्हाई." संध्याकाळी चुलीपुढे तुम्ही मला आपल्या घरची रीत सांगितलीत. पुरुष गेला की त्याला आपल्याच रानात अग्नी द्यायचा, तिथे चौथरा बांधायचा आणि सणाला त्यावर पाणी घालायचं. बाईला घाटावर न्यायचं आणि सगळी राख गंगेत सोडायची. "मग बाईला पाणी कुठं घालायचं?" मी विचारलं. तुम्ही भाकरी थापता थापता हसलात. "गंगेत काय पाण्याला तोटा हाय व्हय?" प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

तुम्हालाही घाटावरच नेलं. पुढे हेही गेले. ह्यांचा चौथरा मामंजींच्या चौथऱ्याशेजारी आहे. सणावाराला मी तो धुते, पाणी घालते, घरचे चार शब्द सांगते. दुःख आता जागच्या जागी बसलंय, बोलताना आड येत नाही. तांब्यात मुद्दाम थोडं पाणी उरवायचं आणि ते बोरीच्या बुडाशी ओतायचं, तुमचं म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा मात्र भाऊजींना, तुमच्या धाकट्याला, बोलावून सांगितलं की मी गेल्यावर माझी राख बोरीखाली ठेवायची आणि चौथरा आत्ताच, माझ्या डोळ्यांदेखत बांधायचा.

"वयनी, चांगल्या धडधाकट हाय की तुमी. मरायची एवढी घाई?"

"घाई न्हाई. पन तुमच्यावर सोडलं तर मी गंगेला जाईन."

"आपल्यात बायांचा चौथरा नसतोय."

"मग सणाला तुमच्या आईला पानी कुठं घालता?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चहा तसाच टाकून उठून गेले. मला वाटलं, आता भावकी गोळा करणार. दोन दिवसांनी ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत घडीव दगड, आणि दगडांवर गवंडी बसलेला. भाऊजी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दोघींना पुरंल एवढा बांधू. पन खाली ठेवायला आईचं काईच न्हाई."

"हितली मूठभर माती ठेवा. जन्मभर त्यांनीच खुरपलीय."

ती मूठ त्यांनी स्वतः भरली.

नाव मी घातलं. आयुष्यभर तुम्हाला कुणी नावानं हाक मारली नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मी वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. "वाचून भाकरी फुगती का गं?" असं म्हणत तेच कागद हातानं सरळ करून तुम्ही माझ्यासाठी फळीवर ठेवायचात. आता माझ्या अक्षरात, खडूनं, मी तुमचं नाव दगडावर लिहिलं आणि गवंड्यानं त्यावरून छिन्नी चालवली. खाली माझ्या नावापुरता दगड कोरा ठेवलाय. नागापूरला कंपनीत असलेल्या तुमच्या नातवाकडून मी फोनवर वदवून घेतलं, "घाटावर न्हाई, बोरीखाली. व्हय गं आई, लक्षात हाय."

हे पत्र कुठे धाडणार? घडी घालून फळीवर ठेवते, पुड्यांच्या कागदांच्या जागी. एक मात्र सांगायचं राहिलं. चौथरा वाळल्यावर मी भाकरी घेऊन मोठ्या ऐटीत त्यावर बसले आणि पहिला घास मोडताच दचकून उठले. तुम्ही लांबून ओरडत येताय असंच वाटलं. कुणी आलं नाही. मग मी परत बसले, आणि भाकरी संपेपर्यंत उठले नाही.