उजव्या कोपऱ्यातला जोड

बोरिवली (पूर्व),
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप गुणाजीकाका यांस,
कमलचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा सकाळचा आखडतो, पण ती कबूल करत नाही. दिवाळीत काकीने पाठवलेल्या करंज्या संपल्या. डबा परत द्यायला मी रविवारी घाटकोपरला आले होते. काकी म्हणाली, तुम्ही बाहेर गेलात. तुमच्या चपला दारातच होत्या, म्हणून मी फार वेळ बसले नाही. गडबडीत डबा द्यायचाही राहिला.

ऑफिसचं सांगायचं तर मालाडच्या खाणीवरची पोकलेन पुन्हा चालू झाली. तिची दगड उपसायची परदेशी बकेट काळ्या दगडाने पार झिजवली होती. तशीच बाहेरून मागवायची तर परवाना आणि बोट धरून आठ महिने. आमचे चंद्रप्रकाशसाहेब म्हणाले, इथे बनते ती घेऊ, पण निवडून घेऊ. एक नमुना मुलुंडच्या कारखान्यातून आला, एक तुमच्या साकीनाक्याच्या कारखान्यातून. निवडीचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं.

तक्ता मी खरा केला, काका. पत्र्याची जाडी दोघांची सारखी. पिनांची भोकं तुमची जास्त अचूक, मी तीनदा मोजली. दातही तुमचे चांगले. एक झिजला तर पिन ठोकून काढायची आणि नवा बसवायचा. मुलुंडवाल्यांचे कापून काढावे लागतात. कागदावर तुमची बकेट पुढे होती. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून आधी लिहिते.

मग मी रॉकेल मागवलं.

मी शाळेत जायच्या आधी तुम्ही मला गिरणीतून आणलेल्या लोखंडाच्या पट्टीवर खडूने अक्षरं शिकवलीत, आणि त्याच खडूने वेल्डिंगचा जोड तपासायलाही. जोडावर रॉकेल फासायचं, थांबायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची. आत भेग असेल तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. “बघ गो, लोखंड कसा रडता,” असं तुम्ही म्हणायचात. मला ते खरंच वाटायचं.

तुमच्या बकेटचा एकेक जोड मी तसा तपासला. पोकलेन चालवणारा दादू बाजूला बिडी ओढत होता. म्हणाला, “बाई, बकेट घ्यायची आहे की सून?” मी हसले नाही. दात बसतात ती ओठाची पट्टी उजव्या बाजूला जिथे जोडली आहे, त्या कोपऱ्यात करंगळीएवढी रेघ आली. मी पुसून पुन्हा खडू लावला. पुन्हा आली.

दादूने विचारलं, “आणि दुसरीला नाही लावायचं रॉकेल? ती काय लाडकी?”

मी म्हणाले, “ती बघूनच कळते, चांगली आहे.” तक्त्याखाली लिहिलं: साकीनाका, उजव्या कोपऱ्यातला जोड सदोष, परत. मुलुंडची बकेट त्याच दिवशी चढवली.

त्या कागदावरून तुमच्या मालकांनी जोड कोणाचा ते विचारलं, तुमच्या हातचं वेल्डिंग काढून घेतलं आणि तुम्हाला रंग मारायला बसवलं, हे मला रविवारी काकीकडून कळलं. छत्तीस वर्षं केलेलं काम.

मी स्वतःला सांगत होते की, ते माझे काका, म्हणून त्यांना जास्त कडक कसोटी लावली, उद्या कोणी बोट दाखवायला नको. पण दादूचं बोलणं मनातून जाईना. गेल्या बुधवारी मी साहेबांना सगळं सांगितलं, तुम्ही माझे कोण लागता तेही. साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“आधी का नाही बोललात? मी आपल्या इंजिनिअरला, विद्याधरला, बघायला लावलं असतं.”

“मी त्यांची बाजू घेतली नाही, साहेब.”

“नापास करायलाही हाच नियम आहे, बाई. नातेवाइकाचा माल आपण हातात धरायचा नाही. पास करायला नाही आणि नापास करायलाही नाही.”

दुसऱ्या दिवशी मशीन थांबवून इंजिनिअर विद्याधर यांनी मुलुंडच्या बकेटला रॉकेल लावलं. मी दूर उभी होते. काका, त्या अर्ध्या तासात मला एकच वाटत होतं, त्यांच्याही जोडात रेघ येऊ दे. एका चांगल्या कामात मी खोट मागत होते. आली नाही. खडू कोरडाच राहिला. तेव्हा त्यांची बकेट राहिली ते बरोबरच झालं. मी ती निवडली ते मात्र बरोबर नव्हतं.

आणि साहेबांना सांगितलं तेही अर्धंच होतं.

गणपतीत तुम्ही आरतीचं पुस्तक माझ्या हातात दिलंत. “तू म्हण गो, माझो घसो बसलोहा.” नंतर पाठ असलेल्या आरत्या तुम्ही खणखणीत म्हटल्यात. दिवाळीत उजवीकडे ठेवलेला पाण्याचा तांब्या तुमच्या हातून दोनदा पडला. काकी तुम्हाला धांदरट म्हणाली, तुम्हीही हसलात. मी बघत होते. बकेट आली तेव्हा मी आधी उजव्याच कोपऱ्यापाशी गेले. नात्याचा विचार मला नंतर सुचला. जे तुम्हाला घरी विचारायचं, ते मी बकेटला विचारलं, आणि आलेलं उत्तर कागदावर लिहून तुमच्या मालकांकडे पाठवलं.

म्हणून हे पत्र एवढ्या मोठ्या अक्षरात आहे. खिडकीपाशी बसलात तर वाचता येईल. काकीला अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगावं असं वाटतं.

दुसऱ्या पोकलेनची बकेटही आता जाईलशी झाली आहे. साहेब म्हणाले, साकीनाक्याने डिसेंबरअखेर नवा नमुना पाठवावा, विद्याधर तपासतील. मी त्या दिवशी खाणीवर जाणार नाही. तुमच्या मालकांना तसं पत्र गेलं आहे. त्यात दात आणि भोकं मुलुंडपेक्षा सरस आहेत, हेही माझ्या आग्रहाने लिहिलं आहे. जोड मात्र तुम्ही दुसऱ्याच्या हातून करून घ्या. पाच वर्षांच्या पोरीला शिकवता आलं, तर मोठ्या माणसालाही येईल.

तुम्ही माझ्यावर रागावला आहात. रागवा. पण डोळ्यांवर तो राग काढू नका.

घाटकोपरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तुमच्या नावाने शनिवारचा नंबर लावला आहे. मी दोन वाजता कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहीन. आला नाहीत तर त्याच्या पुढच्या शनिवारी उभी राहीन. वाटेत एक शब्द बोलला नाहीत तरी चालेल. मी तुमच्या उजव्या बाजूने चालेन.

तुमचा माल परत पाठवणारी आणि तुम्हाला न्यायला येणारी,
कमल