गोधडीचा घास

२ जानेवारी १९८३, नाशिक

१. दुपारी साताऱ्याहून पोचलो. मी, शामसुंदर आणि दीड महिन्याची गोदू.
२. गोदूने प्रवासात त्रास दिला नाही.
३. शेजारच्या खोलीतल्या ठमाबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग आत येऊ दिलं.
४. चहा त्यांच्याकडेच झाला. आलं जास्त होतं. चांगला होता.

कारखान्यात तपासणी विभागात होते तेव्हा रोजचा अहवाल असा लिहायची. बाळंतपणासाठी नोकरी सोडली, सवय राहिली. मखमलाबाद रस्त्यावरच्या या दोन खोल्या मला आवडल्या. खिडकीतून द्राक्षाची बाग दिसते. उजेड भरपूर आहे. इथे बरं होईल असं वाटतं.

४ जानेवारी

थंडी फार आहे. द्राक्षं जपायला बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर खिडकीपर्यंत येतो. शामसुंदर पिंपळगावच्या शीतगृहात यंत्रं सांभाळतो. हंगामभर तिकडेच राहणार, रविवारी येणार. म्हणाला, तिकडे मी पैसे घेऊन थंडी करतो, इथे ती फुकट मिळते.

गोदूचं अंथरूण ठरवायचं आहे. आईने दिलेली मोहरीची उशी आणि कापसाची मऊ गादी मी बाजूला ठेवली. एवढ्या बाळाला मान सावरता येत नाही. तोंड मऊ कापसात रुतलं तर श्वास अडतो. दुलईही नको, ती तोंडावर सरकते. अंगात जाड झबलं आणि खाली पातळ, घट्ट, गोळे न होणारं काहीतरी हवं.

ठमाबाई गोधड्या शिवतात. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची जुनी मऊ लुगडी ट्रंकेत होती, ती ठमाबाईंना दिली.

९ जानेवारी

गोधडी झाली. टाके बारीक, रांगा सरळ, चारी कोपरे काटकोनात. एकही सैल टोक नाही. मी तपासून पसंत केली असती असं काम आहे.

शेवटचा कोपरा त्यांनी माझ्यासमोर शिवला. आत बोटभर भाकरी ठेवली, हळद-कुंकू वाहिलं आणि मग तोंड बंद केलं. मी कारण विचारलं.

"गोधडी उपाशी ठिवू नाय, ताई. पोट भरलं का ती गप ऱ्हाती. माणसापरीस बरी, एका घासात भागतं तिचं."

संध्याकाळी त्या लेकीच्या बाळंतपणाला सायखेड्याला गेल्या. महिनाभर तिकडेच राहणार.

११ जानेवारी

दुपारी गोधडीच्या त्या कोपऱ्याला लाल मुंग्यांची रांग. एक गोदूच्या कानाच्या पाळीवर होती. मी कोपरा उसवला, भाकरीचा तुकडा काढून अंगणात टाकला, आतून झटकून पुन्हा शिवला. टाके ठमाबाईंच्या टाक्यांइतकेच बारीक घातले. फरक ओळखू येत नाही. त्यांना सांगायची गरज नाही.

१६ जानेवारी

गोदू गोधडीवर ठेवली की लगेच झोपते. रडत नाही. शामसुंदर म्हणाला, पोर माझ्यावर गेली.

दूध पाजल्यावर तिने थोडं ओकलं, बरंचसं गोधडीवर. पुसायला फडकं आणलं तर पुसायला काही नव्हतं. डाग नाही. ओलही नाही.

१९ जानेवारी

माझ्याकडे स्प्रिंगचा काटा आहे. गोदूला झोळीत घालून दर आठवड्याला वजन करते. या आठवड्यात वाढायला हवं होतं. पावशेर कमी आहे.

डॉक्टर म्हणाले, दूध पुरत नसेल. पण दूध पुरतं. ती पोटभर पिते आणि झोपते.

२१ जानेवारी

गोधडी धुतली. पूर्ण दिवस उन्हात वाळवली. उचलताना जड वाटली म्हणून काट्याला लावली. नवी आली तेव्हा सवयीने वजन केलं होतं. आता पावशेर जास्त भरते.

पुन्हा केलं. तेवढंच.

२२ जानेवारी

कोपरा उसवला. ताजी भाकरी ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, शिवलं. दिवे लागायच्या वेळी उघडून पाहिलं. भाकरी होती तशी. मग तीच दुधात भिजवून ठेवली. थोड्या वेळाने पाहिलं तर दूध नव्हतं. भाकरी कोरडी.

तिला आता भाकरी नको.

२३ जानेवारी

शामसुंदरला सगळं सांगितलं, काटा दाखवला. तो म्हणाला, स्प्रिंग ढिली झाली असेल, आणि तुला झोप हवी आहे. संध्याकाळी परत गेला.

वाण्याच्या मापांवर काटा लावून पाहिला. काटा बरोबर आहे.

२४ जानेवारी

गोधडी ट्रंकेत घालून कुलूप लावलं. गोदूला नुसत्या चादरीवर निजवलं. ती दिवसभर झोपली. संध्याकाळी वजन केलं. आणखी कमी. ट्रंक उचलून पाहिली. सकाळपेक्षा जड.

कुठे ठेवली याने फरक पडत नाही.

२५ जानेवारी, सकाळ

अंगणात बंब पेटवला. गोधडीची कड निखाऱ्यात धरली. कापड काळं पडू लागलं आणि आत गोदू किंचाळली. कड बाहेर ओढली, धावत गेले. तिच्या पोटरीवर लाल वळ. काळ्या पडलेल्या कडेइतकाच लांब.

बंब विझवला.

२५ जानेवारी, दुपार

आता एकच तपासायचं राहिलं होतं. गोदूला चादरीवर ठेवलं, मी स्वतः गोधडीवर आडवी झाले. ऊब चांगली आहे. सासूबाईंच्या लुगड्यांना कापराचा वास येतो. लगेच झोप लागली.

उठले तेव्हा गोदू रडत होती. भुकेने, मोठ्यांदा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वजन थोडं वाढलं आहे.

२६ जानेवारी

रात्रीही गोधडीवर मीच झोपले. गोदू भरते आहे. गाल दिसतात.

माझ्या हातातल्या बांगड्या मोरीत गळून पडल्या. दूध कमी झालंय. वाण्याकडच्या मोठ्या काट्यावर उभी राहिले. वाण्याने काट्यावरून दोनदा माझ्याकडे बघितलं.

गोधडी आता एका हाताने उचलवत नाही.

माझ्याने फार दिवस भागणार नाही. माझ्यानंतर घरात गोदू एकटीच उरते.

२६ जानेवारी, दुपार

बागेतला गोरक्ष टेम्पो घेऊन सायखेड्याला चालला आहे. त्याच्याकडे चिठ्ठी देते. ठमाबाईंना वाचता येत नाही, जावई वाचून दाखवतील. मजकूर इथे आधी लिहून पाहते.

ठमाबाईंना सरोजिनीचा नमस्कार.
१. घास मी काढला. मुंग्या आल्या होत्या.
२. परत ठेवला. ती घेत नाही.
३. जाळता येत नाही. गोदूला भाजतं.
४. सध्या मी तिच्यावर झोपते.
तिला काय दिलं की ती गप राहील, तेवढं कळवा. गोरक्षजवळ निरोप द्या. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. शनिवारी तिला पुरेन इतकी मी उरणार नाही.