मेन स्विच

ता. ४ मार्च
चि. भाचीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या शिवणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तू लिनक्स नावाची पीडा बसवून गेलीस. रोज कोपऱ्यात ठिपका: अपडेट आले आहेत. आले असतील, मी काय पायघड्या घालू? नाटकवाल्यांचे कपडे महिनाअखेर द्यायचेत आणि माझे आयुष्यभराचे कटिंगचे नमुने त्याच डबड्यात आहेत. कागदी सगळे वाळवीने खाल्ले. इंटरनेटवर कुणा शहाण्याने एक लांबलचक कमांड दिलीय. ती चिकटवली की सगळं आपोआप होतं म्हणे. चिकटवू का? फोनवर तू शिकवायला लागलीस की डोकं उठतं, म्हणून लिहूनच कळव.

लोभ आहे, वाढावा असं तू अजून काही केलेलं नाहीस.
आत्या

ता. ९ मार्च
ती. आत्यास सा. न. वि. वि.

धन्य आहेस! रस्त्यावरच्या कुणाच्याही हातात दुकानाची किल्ली देतेस का? मग त्याची कमांड कशाला चिकटवतेस? आधी नमुने वेगळ्या डिस्कवर उतरव आणि ती काढून कपाटात ठेव. मग लिनक्सच्या स्वतःच्या अपडेटच्या खिडकीतूनच कर. काय बसणार, काय निघणार ते ती दाखवेल. ते वाच, नुसतं हो-हो दाबत सुटू नकोस. आणि पूर्ण होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करायचा नाही. शेंबडं पोरही हे करतं, पण तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी भाची

ता. १५ मार्च
चि. अतिशहाणीस नाइलाजाने आशीर्वाद.

तुझ्या खिडकीतून अपडेट लावलं. अर्ध्यावर आलं आणि दुकान बंद करायची वेळ झाली. वायरिंगने आपलं जुनं दुकान जळालं तेव्हापासून मेन स्विच पाडल्याशिवाय मी कुलूप लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. सवयीने हात गेला. सकाळी काळा पडदा आणि इंग्रजीत बडबड. कॉम्प्युटर बंद करू नको म्हणालीस, मेन स्विचचं कोण सांगणार होतं?

दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल, आतलं काही राहणार नाही. पुसलं तरी चालेल, म्हटलं. तुझ्या लिनक्सवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि तुझ्यावर त्याहून कमी, म्हणून नमुने एका नव्हे, दोन डिस्कवर उतरवले होते. एक कपाटात, एक माझ्या उशीखाली. कपडे शेजारणीच्या कॉम्प्युटरवर नमुने उघडून कापतेय.

दुरुस्तीवाल्याला मात्र हात लावू दिला नाही. रविवारी तूच ये आणि बसव. तुझं होईपर्यंत दुकान उघडं ठेवीन, मध्यरात्र झाली तरी.

लोभ थोडा वाढलाय, डोक्यावर बसू नकोस.
आत्या