नारळ फुटला दुसऱ्याच गाडीपुढे

हाउन्सलो, रविवार

तीर्थरूप सुप्रभावन्सं,

पत्रातूनच पाया पडते, कारण खरोखर वाकले तर सध्या उठता येत नाही (कंबर इटलीतच राहिली). तुमची शुगर कशी आहे? भावजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना म्हणावं आधी तंबाखू सोडा, मग काढा प्या. मी तोंडावर बोलते, राग मानू नका. आम्ही दोघं जिवंत आहोत. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, राहून गेलं.

तुमच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलंच असेल की इटली फार सुंदर आहे. असेल बाई. मी डोळे मिटून होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्या वरदने लीड्सहून विमानाची तिकिटं काढून दिली आणि वर नेपल्सला भाड्याची गाडी बुक केली, चालवायला दोघांची नावं घालून. मी तेव्हाच म्हटलं, बाबा रे, बस मिळते का बघ. आता मी इथे केअररच्या कामाला रोज गाडीनेच हिंडते, कुणाला आंघोळ घाल, कुणाला गोळ्या दे, बर्फ पडो की काही. पण तिथे म्हणे रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं! मी शपथच घेतली की स्टिअरिंगला बोट लावणार नाही. हे स्वतः कामाला ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने जातात. गाडी फक्त रविवारी, देवळापर्यंत. तरी म्हणाले, मी आहे ना. वन्सं, ह्या तीन शब्दांनी आजवर मला जेवढं घाबरवलंय तेवढं भुताखेतांनीही नाही.

सगळा भरवसा तुम्ही पाठवलेल्या नारळावर होता. कुलदेवीच्या पायाशी ठेवून आणलेला, तो मी टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत नेला. हीथ्रोला तपासणीवाल्याने हलवून कानाशी धरला. मी सांगितलं, पाणी आहे, गोड आहे, पण मिळणार नाही. नेपल्सला उतरल्यावर हे काउंटरवर कागद करत बसले आणि मला म्हणाले, पांढरी गाडी आहे, त्या तिकडे उभी, तू बॅगा घेऊन हो पुढे. आता मला थांबायची सवय नाही (तुमच्या सत्यनारायणाला गुरुजींच्या आधी आरती मीच सुरू केली होती, आठवतं ना). सांगितल्या जागी गाडी दिसली. लगेच हळदकुंकू वाहिलं, पुढच्या जाळीला कापडी झेंडूची माळ बांधली, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं तिथल्याच टपरीवरची, आणि तिथलं लिंबू म्हणजे आपल्याकडचं पपनस! गाडी वरून जाईल की अडकून बसेल हीच शंका. मग कडेच्या दगडावर नारळ वाढवला. एका घावात दोन सारखी भकलं. म्हटलं सुटले, आता हे कसेही चालवोत.

तेवढ्यात एक गोरं म्हातारं जोडपं आलं (डेन्मार्कचं, हे मागाहून कळलं). म्हाताऱ्याने किल्ली दाबली आणि माझी पूजेची गाडी डोळे मिचकावायला लागली. त्यांना वाटलं कंपनीने स्वागताला सजवली. म्हातारीने हात जोडले, माळेशेजारी उभी राहून फोटो काढला. मी दोन्ही हातांनी नको नको करतेय, तर तिला वाटलं घ्या घ्या म्हणतेय. दोन्ही भकलं उचलली आणि लिंबं फचाफच चिरडत निघून गेली. मागून हे किल्ली नाचवत आले. काउंटरवरच्या पोरीने म्हणे गाडी बदलून दिली, ती पलीकडची करडी. आता तिथे कुलदेवीचा दुसरा नारळ कुठून आणू?

बिनपूजेच्या गाडीत बसले ती रामरक्षा म्हणतच. गिअर टाकायला ह्यांचा डावा हात सवयीने जायचा, तिथे असायची दाराची कडी. बोगद्यात दार उघडलं तर म्हणाले, हवा बरी येते. पुढे तो समुद्रकाठचा घाट. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल समुद्र, आणि समुद्राच्या अंगाला मी. वळणावर समोरून बस आली की हे डोळे बारीक करून श्वास रोखायचे, जणू त्याने गाडी बारीक होणार आहे. मी पायाने इतके ब्रेक दाबले की पायपुसणं फाटलं.

आणि एका वळणावर पुढे बघते तर पांढरी गाडी, आणि वाऱ्याने बाजूला उडणारी माझी झेंडूची माळ! म्हटलं, हिला सोडायची नाही. पुण्य त्या गाडीचं, पण चिकटून राहिलं तर थोडं आपल्यालाही लागेल. ती वळली, आम्ही वळलो. ती कॉफीला थांबली, आम्ही मागे थांबलो. (हे म्हणाले कॉफी घेऊ. मी म्हटलं, उतरलात तर बघा.) मग ती जोरात पळायला लागली, आणि वन्सं, मी, जी जन्मभर ह्यांना हळू म्हणत आले, ती ओरडत होते, दाबा, दाबा!

शेवटी रस्त्याच्या कडेला रुंद जागा आली तिथे ती गाडी थांबली. म्हातारा उतरला, दोन्ही हात वर, एका हातात नारळाचं भकल. आम्ही लुटायला मागे लागलोय असं वाटलं बिचाऱ्यांना. म्हातारी आत रडत होती. मी जाऊन तिला बाहेर काढलं, पाणी पाजलं, कठड्यावर बसवलं. तिला इंग्रजी येईना, मला तिची भाषा. तिने तिच्या नवऱ्याकडे बोट केलं, हवेत स्टिअरिंग गरागरा फिरवलं आणि डोळे पांढरे केले. मी ह्यांच्याकडे बोट केलं आणि तेच केलं. मग दोघी हसलो, आणि हसता हसता मलाच रडू आलं. भकल म्हाताऱ्याने मला देऊन टाकलं. तिथून पुढे आम्ही सुखरूप आलो, गाडी बिनओरखड्याची परत दिली. देवीची कृपा. भावजींना नमस्कार, नातवंडांचे मुके घ्या.

तुमची भावजय,
शशी

ता. क. हे तुम्हाला फोनवर सांगतील की सगळी इटली मीच चालवली. तुम्ही फक्त वा म्हणा. थोरल्या बहिणीची वा त्यांना फार लागते. त्या कठड्यापाशी ह्यांच्या हाताला असा कंप सुटला की किल्ली भोकात जाईना. ती मी घेतली. मोडली शपथ. म्हटलं, मी आहे ना. तर माझा चेहरा होतो तस्साच ह्यांचा झाला. पुढचा सगळा प्रवास हे मांडीवर भकल धरून रामरक्षा म्हणत होते, तीही चुकीची.

दुसरा ता. क. नारळ पाठवा, देवीच्या पायाशी ठेवून. आमच्यासाठी नको, मला आता त्या रस्त्याची सवय झाली. डेन्मार्कला पाठवायचाय, म्हातारीने पत्ता लिहून दिलाय. त्या बाईचा नवरा अजून स्वतःच चालवतो.