बैठकीच्या भिंतीवरचे घर

मी, ऑगस्टीन पास्कू तुस्कानो, वय ७६, धंदा रंगारी, राहणार गिरीज, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. माझ्या शुद्धीबद्दल शंका असल्यास डॉक्टर एलिसाबाईंना विचारावे. मला विचारल्यास शिव्या खाव्या लागतील.

१. राहते घर व मागची केळीची वाडी मुलगा जेन्सन आणि मुलगी रोवेना यांना समसमान. जेन्सन, तुला हे पाडून नवं बांधायचंय, खुशाल बांध. पण तुझी आई रेजिना हयात असेपर्यंत बैठकीच्या पूर्वेकडच्या भिंतीला हातोडा लागता कामा नये. ही विनंती नाही, अट आहे.

२. त्या भिंतीवर मी काढलेले एका गोल देवळाचे चित्र आहे. तरुणपणी फादरांनी मला एक जुने फ्रेंच कॅलेंडर दिले. त्यावर डोंगर, नदी आणि मधोमध खांबांचे गोल पांढरे देऊळ. फादर म्हणाले, "दोनशे वर्षांपूर्वी तिकडचे चित्रकार अशा इमारती मनानेच बांधायचे. हे देऊळ जगात कुठेच नाही." मी चाटच पडलो. ना वीट, ना परवानगी! तेव्हापासून नाताळात येशूजन्माच्या देखाव्यासाठी मांडलेल्या गोठ्यामागच्या प्रत्येक पडद्यावर मी तसली देवळे बांधत आलो. माझे सगळे ब्रश रोवेनाला. तिचा हात चांगला आहे.

३. धाकटा भाऊ वॉल्टर, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, याला मी काहीही देत नाही. त्र्याऐंशी साली गोठ्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून हा सगळ्यांसमोर म्हणाला, "बेथलेहेमात असलं देऊळ कुठे होतं? चित्र खोटं आहे." माझा पहिला नंबर गेला. अरे मास्तर, आणि गोठ्यावर कापसाचा बर्फ पडलेला तुला चालला?

४. लग्नाच्या वेळी मी रेजिनाला माडीचे, विहिरीकडे गॅलरी असलेले घर कबूल केले होते. ते माझ्याने झाले नाही, याची मला लाज वाटते. म्हणून भिंतीवरच्या चित्रात, त्या गोल देवळाच्या डावीकडे, आंब्याखाली मी ते बांधले. तिने निरखून पाहिले आणि विचारले, "गॅलरीत खुर्ची एकच काय ओ?" दुसऱ्या दिवशी मी दुसरी काढली.

सदर घर, गॅलरी व दोन्ही खुर्च्यांसह, मी रेजिनाला एकटीला देतो. त्यात मुलांचा वाटा नाही.

५. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चालतो, असे वकील म्हणाले. म्हणून वॉल्टरला बोलावले आहे. त्याने आधी भिंत पाहावी, मग सही करावी.

ठिकाण: गिरीज, ता. वसई, जि. पालघर
दिनांक: ५ डिसेंबर २०२४

सही: ऑगस्टीन पास्कू तुस्कानो

आमच्यासमक्ष सही झाली:
१. हरेश्वर किणी, शेजारी
२. वॉल्टर पास्कू तुस्कानो, भाऊ. कलम चारमधले घर मी पाहिले आहे.