समुद्राच्या केसांतला गुंता

५ जानेवारी

चि. पाणकोंबडीस,
आजीचे अ. आ.

पत्र सांगणारी मी, लिहिणारी तुझी आई. मला अक्षर येत नाही, पण लिहून झालं की मी ते शेजारणीकडून वाचून घेते, त्यामुळे तिची चोरी पकडली जाते. मागच्या पत्रात तिनं तुझ्या बाबांवरचे माझे दोन टोमणे गाळले होते!

समुद्राच्या तळाशी गवत असतं आणि माझी नात बुडी मारून ते लावते, हे मी जिन्यात शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, लावेल हो, पण तिथे गाय कोण नेणार? मी म्हटलं, गाईला जरा दम धरायला शिकवलं की जाईल.

एक मात्र माझ्या मनात अडकलंय. मार्चमधल्या मोठ्या ओहोटीला तुझे सर येऊन बघणार. लावलेलं गवत रुजलं नसेल तर काम बंद, आणि तू घरी. मग मी बोलू कोणाच्या बाजूनं? तू गेल्यापासून घर खायला उठतं. गवत मेलं तर माझी नात परत मिळते. तुझी आई म्हणतेय, असलं काही लिहू नये. मी म्हटलं, लिही.

पाण्यातून आलीस की डोकं कोरडं कर. लोभ मात्र ओला असू दे.

तुझी आजी


९ फेब्रुवारी

ती. आजीस आणि लेखनिक आईस,
सा. न. वि. वि.

शेजारणीला सांग, समुद्रातही हेच गवत चरणारी गाय असते, समुद्रगाय म्हणतात तिला. खरंच! माझ्या खाडीत अजून आली नाही, पण गवत टिकलं तर येईलही.

टिकलं तर. आजी, इथे मास्कनी उच्छाद मांडलाय. साथ केव्हाच सरली, पण तेव्हापासून तोंडावरून उतरलेले मास्क नाल्यांतून वाहत इथे येऊन पडलेत. एकेक मास्क गवतावर चादरीसारखा पसरतो. खाली ऊन पोचत नाही, पाती पिवळी पडतात. कानाच्या दोऱ्या पात्यांत गुंततात, आणि लाट आली की मास्क शिडासारखा फुगून रोपाला हिसके देतो. त्याचे बारीक धागे सुटून पात्यांवर बसतात ते वेगळंच. याच गवतात माशांची पिल्लं लहानाची मोठी होतात. परवा दोरीत अडकलेला एक खेकडा सोडवला, तर आभार मानायचं सोडून त्यानं मलाच चिमटा काढला. तुझी फार आठवण आली.

रविवारी पोहणारी माणसं गोळा केली आणि दणादण मास्क उपटले. होडी भरली. मी खुशीत होते. मग ढिगाकडे नीट पाहिलं, तर प्रत्येक मास्कच्या दोरीला पांढरी मुळं लोंबत होती. कचऱ्याबरोबर आम्ही गवतही उपटलं होतं. अर्धा वाफा माझ्याच हातानं बोडका झाला. होडीतच रडत बसले.

रडतानाच तू आठवलीस. लहानपणी माझ्या केसांत गुंता झाला की तू केस मुळाशी धरायचीस आणि एकेक बट सोडवायचीस, म्हणून दुखायचं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या वाफ्यात तसंच केलं. एका हातानं रोप मुळाशी धरायचं, दुसऱ्या हातानं दोरी कापायची आणि पात्यांतून अलगद ओढून घ्यायची. काम गोगलगाईच्या चालीनं चाललंय, पण एकही रोप उपटलेलं नाही! ओहोटीपर्यंत रुजेल का, ते मात्र सांगता येत नाही.

लोभ असावा, आणि तो जरा गवताच्या बाजूनं असावा.

तुझी पाणकोंबडी


२० फेब्रुवारी

चि. पाणकोंबडीस,
आजीचे अ. आ.

तुझं पत्र वाचताना तुझी आई मधेच एक वाक्य गिळून पुढे गेली. पाठ असल्यासारखा आवाज एकदम सपाट झाला की मला कळतं. म्हटलं, मागे जा. मग केसांचं निघालं.

अगं बाई, तुझे केस मी कधी विंचरलेच नाहीत! मला कुठला एवढा धीर? मी मागे असते तर कात्रीच लावली असती. मी तुझे पाय दाबून समोर बसायचे. तू तोंड माझ्याकडे करून भोकाड पसरायचीस, म्हणून तुला मीच दिसले. मागे बसून मुळाशी धरणारी तुझी आई होती. ती हे लिहायला तयार नव्हती. म्हणाली, राहू द्या, काय फरक पडतो. मी म्हटलं, लिहिलं नाहीस तर शेजारणीकडून लिहून घेईन. आता लिहितेय, पण शाई जरा पसरलीय, सांभाळून वाच.

काल तुझ्या बाबांनी दारामागच्या खिळ्यावरचे जुने मास्क गॅलरीतून खाली टाकायला घेतले. मी अशी ओरडले की समोरच्या इमारतीतले लोक बाहेर आले. म्हटलं, अरे, ते माझ्या नातीच्या गवतावर जाऊन पडतील! ओरडून झाल्यावर लक्षात आलं, मी कोणाच्या बाजूची ते.

रुजू दे बाई तुझं गवत. लोभ आहेच, तो मागे बसलेल्या बाईचाही धर.

तुझी आजी


२४ मार्च

ती. आजीस आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

रुजलं! आजी, आई, रुजलं!!

पाणी ओसरलं आणि सर घोटाभर पाण्यात चक्क पालथे झोपले. चष्मा पाण्यात पडला, तरी उठेनात. मास्क कापून काढलेल्या भागात मुळं आडवी पसरलीत, आणि बोडक्या भागाच्या कडेनंही नवे कोंब घुसलेत. आणि एका ठिकाणी फूल! नखाच्या कोरीएवढं, हिरवट, पाण्याखाली उमललेलं. सर असे ओरडले की होडीवाल्याच्या हातातला चहा समुद्रानं प्यायला.

काम आणखी दोन वर्षं वाढलंय. म्हणजे मी इतक्यात घरी येत नाही. रागावलीस?

आई, केसांचं माझ्या आता लक्षात राहील. पाठीला डोळे नव्हते ना.

लोभ वाढावा, गवतासारखा आडवा-उभा.

तुमची पाणकोंबडी


२ एप्रिल

चि. पाणकोंबडीस,
आजीचे अ. आ.

पत्र तीनदा वाचून घेतलं. तुझी आई तिन्ही वेळा रडली. मी नाही. माझ्या डोळ्यात केस गेला होता.

रागावू कशाला? पण दोन वर्षं एका जागी बसून वाट बघायला मी काही तुझ्या समुद्रातला खडक नाही. आम्ही दोघी येतोय. बाबांना जेवण करायला शिकवलंय. उपाशी राहिले तर आपल्याच हाताला दोष देतील. मी पाण्याला घाबरते हे तुला ठाऊक आहे, तेव्हा घोटाभर पाण्यात एक खुर्ची मांडून ठेव. मला ते फूल बघायचंय. शेजारणीला गाईचं सांगून आलेय, तीही जमलं तर दाखव.

तुझ्या आईनं पिशवीत सगळ्यात वर काय ठेवलंय, सांगू? कंगवा. म्हणते, समुद्राच्या पाण्यानं पोरीच्या केसांचं काय झालं असेल! या वेळी तू समुद्राकडे तोंड करून बस. पाय मी धरीन, आणि मागे कोण आहे ते मान वळवून एकदा बघून घे.

आम्ही पोचेपर्यंत लोभ मुळाशी धरून ठेव.

तुझी आजी,
आणि हे दोन शब्द माझे मी लिहिते: तुझी आई