इस्त्रीचा पांढरा शर्ट

रविवार, संध्याकाळ. मुलुंड.

आज मी गप्प बसले. स्वतःचीच चीड येतेय.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या स्नेहलला घेऊन आल्या होत्या. पोरगी बारावी सायन्सला, पायलट व्हायचंय म्हणते. बाबा तेव्हा माझ्या पायलटच्या युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. दर रविवारी करतात. पायलटचं लायसन्स मिळून तीन वर्षं झाली, एकाही एअरलाइनने घेतलं नाही. मी सांताक्रूझ विमानतळावर चेक-इन काउंटरला बॅगांना टॅग लावते. पण शर्ट कडक हवा!

"ट्रेनिंग झालं की लगेच लागते ना गं नोकरी?" काकूंनी मला विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "लागते की! हिचंही होतच आलंय. आणि पगार? विचारूच नका." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इस्त्री फिरवत राहिले.

मग काकू म्हणाल्या, फीसाठी गावची आंब्याची बाग विकतोय. आमचीही अशीच गेली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना मी? पण बाबांना चारचौघांत खोटं कसं पाडू? आणि नाही पाडलं, तर त्या पोरीचं काय?

निघताना स्नेहल लाजत म्हणाली, "ताई, एकदा घालून बघू?" बाबांनी तो गरम शर्ट लगेच तिच्या हातात दिला. तिने ड्रेसवरूनच चढवला, बटणं लावली, आरशासमोर ताठ उभी राहिली.

अगदी मापात बसला तिला.